धरलेली पट्टी

न्यायाधीशबाई "हा दावा इथेच थांबवण्यात येत आहे" असं म्हणाल्या तेव्हा मी वीबाच्या कानाकडे बघत होते. वीबा म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि या दाव्यातला प्रतिवादी. वादी मी. हॅमिल्टनच्या त्या कोर्टात तो माझ्या पुढच्या ओळीत, जरा डावीकडे, पाठमोरा बसला होता आणि त्याच्या कानामागे घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी होतं, कातडीच्याच रंगाचं. आधी वाटलं, चष्म्याची काडी. मग त्यातून निघालेली बारीक पारदर्शक नळी कानात उतरलेली दिसली. दुसऱ्या कानालाही तसंच. बाई पुढे वाचत होत्या. पक्षकारांच्या वडिलांनी करून ठेवलेल्या भागीदारीच्या करारात वादाचा निवाडा लवादानं करावा असं स्पष्ट कलम आहे, ते जुनं असलं तरी लागू आहे, तेव्हा आधी लवाद, तोवर खटला आहे तिथेच राहील. वीबाच्या वकिलानं पिवळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहून कागद त्याच्यापुढे सरकवला. वीबानं वाचलं आणि मान हलवली. बाईंचं बोलणं केव्हाच संपलं होतं.

"हरलो नाही हं आपण," माझी वकील कॉलीन कुजबुजली. "थांबवलंय फक्त. लवाद फसला तर परत इथेच यायचं." मी बरं म्हटलं. तिला काय सांगणार, की मी जिंकायला आलेच नव्हते. निळा कोट मी आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवला होता, ब्रोच लावावा की नाही यावर सकाळी उगाच वेळ घालवला होता, ते काही न्यायाधीशबाईंसाठी नव्हतं. याआधीच्या तारखा सगळ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाल्या. पडद्यावरच्या चौकटीत कॉलीन, दुसऱ्या चौकटीत त्याचा वकील, तिसऱ्या चौकटीत मी, स्वयंपाकघराच्या भिंतीसह, आणि चौथी चौकट काळी, तिच्यावर नुसतं नाव. वीबा कॅमेरा लावतच नसे. मी त्या काळ्या चौकटीकडे बघत बसायची. आज पहिल्यांदा प्रत्यक्ष हजर राहायचा हुकूम होता आणि माझ्या मनात हिशेब असा, की खटले वर्षानुवर्षं चालतात म्हणतात, चालू देत. दर तारखेला तो पुढच्या ओळीत बसेल आणि मी मागे. माणसं याहून कमी भांडवलावर जगतात. आणि बाईंनी तेही एका वाक्यात बंद केलं. तो उठला, माझ्या बाजूनंच गेला, नमस्कारासारखी मान हलवली की जिन्याकडे बघितलं ते कळलं नाही. त्याचा वास मात्र तोच होता, लाकडाच्या भुशाचा आणि मेंढीच्या कातड्याचा. कारखाना बंद ठेवून एक हिवाळा उलटला तरी तो वास त्याच्या कोटातून गेला नव्हता.

आमचा धंदा चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करायचा आणि सुरात लावायचा. पाटीवर "रायत्समा आणि मुलगे" असं बाबांनी लिहून घेतलं होतं. मुलगा एकच होता. दुसरा मुलगा म्हणजे मी, सीत्स्के. बाबा हॉलंडमधल्या फ्रीसलंडहून बोटीनं इकडे कॅनडात आले ते पोलादाच्या कारखान्यात कामाला, पण तिकडे ते ऑर्गनचं काम शिकले होते आणि या गावात आमची माणसं चर्चमागून चर्च बांधत होती, त्यामुळे भट्टी लवकरच सुटली. ऑर्गन लावायला माणसं दोन लागतात, एकट्यानं होतच नाही. एकानं खाली बसून पट्टी दाबून धरायची. दुसऱ्यानं ऑर्गनच्या पोटात शिरायचं, जिथे नळ्या रांगेनं उभ्या असतात, पहिल्या माणसाहून उंच आणि शेवटच्या पेन्सिलीएवढ्या. आतल्यानं दाबलेल्या पट्टीची नळी ऐकायची आणि कमीजास्त करायची. दोन नळ्या जवळजवळ सुरात असल्या, पण पूर्ण नसल्या, की त्यांच्या आवाजाला एक डोल येतो. वाव्-वाव्-वाव्. जवळ येत गेल्या की डोल संथ होतो, आणखी संथ, मग इतका लांब की पुढचा झोका येणार की नाही याची वाट बघत बसावं, आणि मग नाहीच. नुसता सूर, भिंतीला टेकून उभा राहिल्यासारखा. तेव्हा आतून आवाज येतो, "पुढचा." खालच्यानं पुढची पट्टी धरायची.

वीबा लहान आणि सडपातळ म्हणून तो आत, मी खाली. आधी बाबांबरोबर आळीपाळीनं, बाबा गेल्यावर आम्ही दोघंच. सगळं आयुष्य असं गेलं. किचनर, ब्रँटफर्ड, नायगराच्या बाजूची फळबागांतली छोटी चर्चं, आठवड्याच्या मधल्या दिवशी रिकामी, थंड, मेणाचा नि ओल्या कोटांचा वास असलेली. मी बाकावर, पायाशी विजेची शेगडी. तो माझ्या समोरच, पण लाकडी पडद्यामागे. दिसायचा कधीच नाही. तासन्तास मला त्याच्याकडून एकच शब्द मिळायचा, आणि तरी मला सांगता यायचं की आज तो जेवला नाही, आज बायकोशी बिनसलंय, आज खुशीत आहे. एका शब्दात माणूस किती मावतो ते ज्यानं ऐकलं नाही त्याला पटायचं नाही. माझं लग्न झालं नाही. आई म्हणायची, "तू कोणाशी बोलशील तर होईल ना." मी म्हणायची, "बोलते की, वीबाशी." "त्याला पुढचा म्हणणं म्हणतात, बोलणं नाही," आई म्हणायची, आणि बिस्किटांचा डबा बंद करायची, कारण आमच्याकडे कॉफीबरोबर बिस्कीट एकच.

कोर्टाबाहेर वारा होता. हार्बरकडून येणारा, पोलादाच्या कारखान्यातल्या धुराची आंबट चव असलेला. कॉलीननं सोडते म्हटलं तर मी बसनं जाईन म्हणाले. बस वळणं घेत डोंगर चढते. बाहेरगावचे लोक त्याला डोंगर म्हणायला तयार नसतात, कडा आहे नुसता म्हणतात, म्हणोत. चढावर माझ्या बाजूला आमच्या चर्चमधली एक बाई येऊन बसली आणि हवेबद्दल बोलली, फक्त हवेबद्दल. आमच्यात भावाबहिणींनी कोर्टात जायचं नसतं. चर्चच्या मंडळीतल्या दोघांनी परक्या न्यायाधीशापुढे उभं राहणं म्हणजे घरचे कपडे रस्त्यावर वाळत घालणं. भांडण असेल तर चर्चच्या मागच्या खोलीत पंचांपुढे बसायचं, हात जोडून सुरुवात करायची आणि मिटल्याशिवाय उठायचं नाही. बाबांनी तेच कलम करारात घातलं होतं, वकिलाला सांगून, कायद्याच्या भाषेत, वर अट की खोलीत वकील नकोत. मी दावा लावला तेव्हा चर्चच्या पाळकांनी मला दोन शब्द सांगितले, नंतर कुणीच काही सांगितलं नाही. फक्त रविवारी प्रवचन सुरू होताना बाकावरून पेपरमिंटच्या गोळ्या हातोहात सरकतात ना, त्या माझ्यापर्यंत यायच्या बंद झाल्या. हसू येण्यासारखी गोष्ट आहे. पण एवढ्या वयाची बाई रविवारी सकाळी एका पांढऱ्या गोळीसाठी डोळे पुसते, हेही घडलेलं आहे.

आणि बस कड्याच्या माथ्यावर आली, खाली सगळं गाव आणि पलीकडे सरोवर दिसायला लागलं, तेव्हा मला त्या कानातल्या नळीचा अर्थ लागला. म्हणजे दिसला होता तेव्हाच, लागला आत्ता. वीबाला कारखाना बंद करायचा होता, मला नव्हता, सगळा दावा एवढाच. बाकीची पानं कॉलीननं भरली. त्यात एक सतरावं कलम होतं, ते मात्र माझं. प्रतिवादीनं शेवटच्या काळात जाणूनबुजून वाईट काम केलं आणि धंद्याचं नाव घालवलं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मोठ्या नळ्या तो पूर्वीसारख्याच लावायचा, सावकाश, जीव ओतून. पण वरच्या सुरांवर, त्या बोटाएवढ्या नळ्यांवर आला की घाई. डोल चालूच असायचा, वाव्-वाव्-वाव्, चिमणीसारखा थरथरत, आणि आतून आवाज यायचा, "पुढचा." पहिल्यांदा मी समजले दमलाय. मग समजले कंटाळलाय. मग ग्वेल्फच्या चर्चमधल्या ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी तक्रार केली आणि वीबानं त्याच आठवड्यात मला सांगितलं की बंद करू या, चर्चंच बंद होतायत, जागेला गिऱ्हाईक आहे. तेव्हा मी दोन आणि दोन जोडले. धंदा बुडवायला मुद्दाम करतोय. मी फोन केले तर उचलेना. मोबाइलवर तुटक चार शब्द लिहून पाठवायचा. जेवणाच्या टेबलावर मी एक बोलावं आणि त्यानं "हो" म्हणून भलतीकडेच बघावं. मी म्हटलं, ठीक आहे, माझ्याशी बोलायचं नाही ना, कोर्टाशी बोल. आणि तो कोर्टात कॅमेरा बंद करून बसला, कारण पडद्यावरचं बोलणं त्याला समजतच नव्हतं. त्यानं खटला थांबवायला अर्ज केला तो मला टाळायला, असं मी कालपर्यंत धरून चालले होते. अहो, भरकोर्टात सतराव्या कलमावर त्याची उलटतपासणी झाली असती. का रे बाबा वाईट काम केलंस? आणि त्याला शपथेवर सांगावं लागलं असतं, की बारीक सूर मला ऐकूच येत नाहीत. वीबा रायत्समाला, ज्याच्या कानाची गावोगाव ख्याती. मी घंटा दाबायची विसरले आणि दोन थांबे पुढे उतरले.

लवादाची तारीख येईपर्यंत मी काय काय केलं नाही. फोन उचलून ठेवला. पोस्टकार्ड आणलं आणि त्यावर वाणसामान लिहिलं. काय लिहिणार होते? मला कळलंय? जे तो इतका जपतोय तेच उघडून त्याच्यापुढे ठेवायचं, आणि वर म्हणायचं, बघ मी किती समजूतदार? एका दुपारी कारखान्याच्या मागच्या दारानं आत गेले. किल्ली माझ्याकडे होती, भांडणात किल्ल्या परत करायच्या असतात हे दोघांनाही सुचलं नव्हतं. नळ्या रांगेनं पडल्या होत्या, कापडात गुंडाळलेल्या. चाचणीच्या पेटीवर मी हवा सुरू केली आणि एक पट्टी धरली. वरचा सा. लावलेला नव्हता, शेजारच्या नळीशी भांडत होता. मी पट्टी सोडली नाही. बसून राहिले. वाव्-वाव्-वाव्. पलीकडे कुणी नसलं की तो डोल आपोआप थांबत नाही, रात्रंदिवस धरलं तरी थांबत नाही. मला त्याचा आवाज हवा होता. समेट नको, माफी नको, कारखानासुद्धा नको, तो शब्द हवा होता, पडद्यामागून, जरासा घोगरा. किती हवा होता ते मी माझ्याशीही कधी बोलले नव्हते. शेवटी बोट दुखलं तेव्हा उचललं.

चर्चच्या मागच्या खोलीत शनिवारी सकाळी आम्ही बसलो. भिंतीवर सगळे जुने पाळक फोटोत, टेबल लांब, छताला गरम हवेचा पंखा घरघरतोय. लवाद म्हणून पंचांनी बाऊक्ये नाउता यांना नेमलं होतं. त्या आमच्या प्राथमिक शाळेतल्या बाई. त्यांच्या लेखी आम्ही अजून दुसरी-पाचवीतच होतो.

"बसा मुलांनो," त्या म्हणाल्या. "वकील नाहीत ना कुणी दाराआड?"

"नाहीत बाई."

त्यांनी प्रार्थना केली, मग पर्समधून पेपरमिंटची गुंडाळी काढली, एक स्वतःच्या गालात ठेवली आणि गुंडाळी टेबलावर सरकवली. "घ्या. प्रवचन नाही, पण लांबेल तेवढंच." वीबानं एक घेतली आणि गुंडाळी माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे न बघता. मी गोळी तोंडात टाकली आणि भिंतीवरचे पाळक मोजायला लागले.

बाईंचा आवाज मुळात मऊ, त्यात गालात गोळी, वर पंखा. "वीबा," त्या कागदात बघत पुटपुटल्या, "कारखाना विकायचं तू कधी ठरवलंस?"

"हो," वीबा म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हो काय?"

मी वीबाकडे वळले. अगदी समोर, तोंड उजेडात येईल असं. "म्हणजे बाई, तुम्ही विचारताय," मी म्हणाले, ऑर्गनच्या पोटात ऐकू जाईल अशा, रिकाम्या चर्चमध्ये वापरायच्या आवाजात, "की कारखाना विकायचं त्यानं कधी ठरवलं?"

वीबा माझ्या ओठांकडे बघत होता. "मागल्याच्या मागल्या वसंतात," तो हळूच म्हणाला. "ग्वेल्फच्या कामानंतर."

"सीत्स्के, मी बहिरी नाहीये हं," बाई म्हणाल्या. "ओरडतेस काय?"

"मला हल्ली एकदा सांगून कळत नाही, बाई. मोठ्यानं म्हटल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. वय झालं."

"तुझं वय झालं? मग मी काय करू?"

पण त्यांनी मला करू दिलं. प्रत्येक प्रश्न त्या पुटपुटायच्या, मी तो उचलायची, वीबाकडे वळून स्वच्छ, सावकाश धरायची, आणि तो उत्तर द्यायचा. जागेला गिऱ्हाईक कोण. राहिलेली कामं कोणाला द्यायची. माझं तोंड कोरडं पडलं, पण असं काम मला ठाऊक होतं. धरून बसायचं, घाई करायची नाही. मग बाईंनी पान उलटलं. गालातली गोळी त्यांनी चावून संपवली. मला कळलं त्या कुठे पोचल्या.

"आता हे," त्या म्हणाल्या, आणि या वेळी शाळेतल्या आवाजात, एकेक शब्द सुटा. "बहिणीचं म्हणणं आहे की तू मुद्दाम वाईट काम केलंस. का केलंस, वीबा?"

हे त्याला ऐकू गेलं. त्याचा हात टेबलावरून उठला, कानाच्या दिशेनं गेला आणि केसांवरून मागे फिरला. त्याच्या टोपीनं कानावरचे केस चपटे बसले होते. तो खिडकीकडे बघायला लागला. बाबा रागावले की असाच बघायचा.

"ते कलम काढून टाका," मी म्हणाले.

"का?"

"खरं नाही ते."

"मग लिहिलंस कशाला?"

"मला तेव्हा तसं ऐकू आलं होतं, बाई. माझ्या ऐकण्यात चूक झाली."

बाऊक्येबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग वीबाकडे, मग परत माझ्याकडे. शिक्षकाला वर्गात काय चाललंय ते कळतं, आणि केव्हा कळू द्यायचं नाही तेही. त्यांनी पेन्सिलीनं एक रेघ मारली. पंखा घरघरत होता. वीबानं खिडकीवरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं, सरळ, कोर्टात बघितलं नव्हतं तसं. त्याला कळलं होतं की मला कळलंय. मला वाटलं तो उठून जाईल. त्यानं घसा खाकरला.

"पुढचा," तो म्हणाला.

"काय म्हणालास?" बाईंनी विचारलं.

"पुढचा प्रश्न, बाई."

त्यानंतर भांडायला काही उरलंच नाही. कारखाना विकायचा? हो म्हटलं. नळ्या किचनरच्या माणसाला द्यायच्या? हो. बाबांची सूर लावायची चाकू-हत्यारं वीबाकडे राहू देत. बाई विचारत होत्या, मी धरत होते, तो ऐकत होता, थांबत होता, उत्तर देत होता, आणि प्रत्येक उत्तरानंतर, आता सवयीनं असेल, तो शब्द यायचा. थोडा घोगरा झाला होता. मी माझी आख्खी जिंदगी त्या टेबलावर एकेक करून देऊन टाकत होते आणि मला फक्त एवढीच काळजी होती, की बाईंच्या हातातली पानं पातळ होत चाललीयेत. ती संपली की निवाडा लिहिला जाईल, दावा कायमचा मिटेल, आणि मग भावाला भेटायला मला कुठलंच कारण नसेल.

"झालं तर," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद ठाकठीक केले आणि खुर्ची मागे सरकवली. वीबानं टोपी उचलली.

"एक राहिलं," मी म्हणाले.

बाई अर्ध्या उठलेल्या तशाच थांबल्या. मला काहीच आठवेना. मग आठवलं.

"आपल्या कामाच्या व्हॅनचं मागचं दार," मी वीबाकडे वळून, स्वच्छ, सावकाश म्हणाले. "त्याची कडी नीट बसत नाही. ती दुरुस्त करून विकायची, की तशीच?"

बाऊक्येबाई परत बसल्या. वीबा माझ्या ओठांकडे बघत राहिला, कडीला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ. मी घाई केली नाही.

"तशीच," तो म्हणाला. टोपी त्यानं टेबलावर ठेवली. "पुढचा."